माझे ढगाळ दिवस कुणी फेकले?

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. म्हातारी मंडळी आपली हकिगत गोड करून सांगतात, तसं मला जमणार नाही. मी एक जुना अँटेना आहे. बेंगळुरूच्या पूर्वेला, के. आर. पुरमच्या पुढे एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्याच्या गच्चीवर मी उभा असतो. माझं काम ऐकायचं. जे ऐकलं ते मी केबलमधून खालच्या प्रयोगशाळेत पाठवतो. बोलायची सोय माझ्यात नाही, आणि माझं सगळं दुखणं त्यातच आहे.

जुन्या घराच्या छपरावर टीव्हीचा अँटेना पाहिला असेल, तर तुम्ही मला ओळखाल. एक लांब दांडा आणि त्यावर आडव्या बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, माशाच्या काट्यासारख्या. त्या अँटेनाचं तोंड शहराकडे असायचं, माझं आभाळाकडे आहे. आभाळातूनही रेडिओ लहरी येतात. सूर्याकडून येतात, ताऱ्यांकडून येतात, आणि वाटेत आभाळाच्या वरच्या थरांमध्ये त्यांचं काय काय होतं ते त्या लहरींवरूनच कळतं. ते शिकणाऱ्यांना रेडिओ विज्ञानवाले म्हणतात.

माझा जन्म पीण्या या बेंगळुरूच्याच कारखान्यांच्या वस्तीतला. तिथल्या एका गल्लीत हणमंतरावांचा लहानसा कारखाना होता. तिथे एरवी पंपांचे भाग बनायचे. माझ्या नळ्या त्यांनी स्वतः उभं राहून कापून घेतल्या, टोकं कानशीनं घासून घेतली. "स्वल्प सावकाश रे," ते कामगारांना म्हणायचे, "ओरखडा नको. हा आभाळ ऐकणार म्हणतात." कामगार हसायचे. पण टेम्पोत चढवताना त्याच कामगारांनी माझ्या टोकांना जुनी फडकी गुंडाळली होती, हे मी विसरलेलो नाही.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. सूर्यावर वादळ उठलं की मी त्याची गर्जना खाली पाठवायचो आणि मुलं धावत गच्चीवर यायची. एकदा वर्तमानपत्रात फोटोही आला. पुढे मुलं, मध्ये प्राध्यापक, आणि मागे मी. माझं डोकं फोटोत कापलं गेलं होतं. त्याचा मी तेव्हा राग मानला नाही, मानायला हवा होता.

मग ते प्राध्यापक निवृत्त झाले. मुलांचं सगळं लक्ष कॉम्प्युटरकडे गेलं. माझी केबल खारीनं कुरतडली, ती कुणी बदलली नाही. कावळ्यानं माझ्यावर घरटं बांधलं. त्याचं एक वेळ ठीक आहे, त्याला पिल्लं होती. पण माणसांनी काय केलं? पाण्याच्या टाकीपासून माझ्यापर्यंत दोरी बांधली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातले. ज्यानं सूर्य ऐकला, त्याच्या गळ्यात ओले टॉवेल! असे किती उन्हाळे गेले, ते मी मोजले नाहीत.

ती दोरी सोडली कस्तुरीनं. कस्तुरी ही कॉलेजात संशोधन करायला आलेली मुलगी. तिचं घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत. तिचे पूर्वज कधी काळी दक्षिणेत आले आणि इथलेच झाले, त्यामुळे त्यांच्या घरातल्या मराठीत कानडी साखरेसारखी विरघळलेली आहे. प्रयोगशाळेतल्या मदतनीस विमलाक्का याही अशाच एका जुन्या घरातल्या. दोघींनी मिळून माझ्या नळ्या पुसल्या, गंजलेले बोल्ट बदलले, नवी केबल ओढली. कावळ्याचं घरटं तेव्हा रिकामं होतं, तरी विमलाक्कांनी ते उचलून टाकीमागे नीट ठेवलं. मी पुन्हा ऐकू लागलो.

कस्तुरीचे मार्गदर्शक होते डॉ. अजित सर. ते काही वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आले. हुशार माणूस. कस्तुरीला जे येतं त्यातलं बरंचसं त्यांनीच शिकवलं, हे मी नाकारत नाही. अडाणी माणूस चुकला असता तर मी एवढा चिडलोही नसतो. रेडिओ लहरी शिकवणाऱ्या या माणसाच्या मोबाइलला मात्र खोलीत रेंज मिळत नसे. त्यामुळे दुपारचा चहा आणि फोन घेऊन ते गच्चीवर यायचे, कस्तुरीशी बोलणंही इथेच व्हायचं. म्हणून सगळं माझ्या कानावर आलं.

दोघं शोधत काय होते, ते थोडक्यात सांगतो. सूर्य मावळला की आपल्या या दक्षिणेकडच्या आभाळात, ढगांच्याही कितीतरी वर, एका थरात खळबळ होते. तिचा माग माझ्या कानानं काढायचा होता. काम चांगलं होतं. मी मन लावून ऐकत होतो.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्या बेंगळुरूत आयुधपूजा म्हणजे मोठा थाट. बस, रिक्षा, लेथ, छपाईचं यंत्र, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. चाकाखाली लिंबू, दारात कोहळा. कितीतरी वर्षांनी माझी पूजा झाली. विमलाक्कांनी माझ्या खांबाला कुंकवाची बोटं ओढली. अजित सर चिकपेटच्या बाजारातून रंगीत दिव्यांची एक लांबलचक माळ घेऊन आले आणि ती त्यांनी स्वतःच्या हातांनी माझ्या खांबाला पायापासून शेंड्यापर्यंत गुंडाळली.

"एकदम स्मार्ट माळ आहे," ते कौतुकानं म्हणाले. "सेन्सर आहे हिला. अंधार पडला की आपोआप लागते, उजाडलं की आपोआप बंद. बघायलाच नको."

बघायलाच नको म्हणाले, आणि खरंच कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी प्राचार्य म्हणाले की रस्त्यावरून फार छान दिसतं, राहू द्या. माळ राहिली. तिचा स्वस्तातला अडॅप्टर माझ्या पायाशी बांधलेला राहिला.

मित्रांनो, असा हलका अडॅप्टर चालू झाला की तो रेडिओ लहरींचा गोंगाट करतो. तुम्हाला तो ऐकू येत नाही. मला येतो. कानापाशी कुणी परात बडवावी तसा येतो. त्या संध्याकाळी सूर्य मावळला, माळ लागली आणि परात बडवायला सुरुवात झाली. मी काय करणार? ऐकलं ते खाली पाठवलं. तोवर खाली दिवे बंद करून सगळे घरी गेले होते. यंत्र आपलं आपण नोंद घेत होतं.

सकाळी कस्तुरीनं आलेख पाहिला आणि धावत वर आली. सूर्यास्तानंतर आलेखावर एक टेकडी उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशीही राहिली. तिसऱ्याही. पुढे थंडीत सूर्य लवकर मावळू लागला, तशी टेकडीही लवकर येऊ लागली. माळेचा सेन्सरच अंधाराची वाट बघत होता, मग दुसरं काय होणार! पण कस्तुरीला ते कुठून कळावं? तिचे डोळे चमकत होते.

"सर, सूर्याबरोबर सरकतंय ते," ती म्हणाली.

"म्हणजे आकाशातलंच," अजित सर म्हणाले. "हे बघ, शहराचा नॉइज घड्याळावर चालतो. ऑफिस सुटलं, दुकान उघडलं. सूर्यावर चालणारी गोष्ट आकाशातलीच असणार. कस्तुरी, आपल्याला काहीतरी मोठं सापडलंय!"

हे बोलताना त्यांचा कोपर त्या माळेवर टेकलेला होता. दिवसा ती विझलेली असे आणि कुंकवासारखीच माझ्या अंगाचा भाग झालेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी कितीदा तरी मनात ओरडलो, अहो, कोपर उचला आणि खाली बघा. पण मला वाचा नाही.

कस्तुरीला एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. "सर, ढगाळ दिवशी जरा वेगळं दिसतं," ती म्हणाली.

"ढगाळ दिवस काढून टाक," सर म्हणाले. "विजांची खरखर असते त्यात. बॅड डेटा. अब्स्ट्रॅक्टची डेडलाइन आलीय."

आणि तिनं काढून टाकले. मी भिजत, वाऱ्यात हलत, एकेक संध्याकाळ ऐकून पाठवलेली. ते सगळे दिवस एका चाळणीतून गाळून फेकले गेले. मी खोटं बोललो म्हणून नव्हे, मी गैरसोयीचं बोललो म्हणून.

इथून पुढे सुरू झाली परिषदेची धावपळ. रेडिओ विज्ञानाची एक मोठी परिषद बेंगळुरूतच भरणार होती. तिथे आधी अब्स्ट्रॅक्ट म्हणजे संशोधनाचा सारांश पाठवायचा, मग पूर्ण पेपर, तोही ठरलेल्या पानांत आणि ठरलेल्या रकान्यांत. शेवटच्या दिवशी सगळा देश एकदम पाठवायला बसला आणि वेबसाइट कोलमडली. कस्तुरी रडकुंडीला आली. सर मात्र चहा पीत होते. "अगं, डेडलाइन वाढते. नेहमीच वाढते," ते म्हणाले. आणि खरंच वाढली.

वाढलेल्या त्या दिवसांत या दोघांनी काय केलं असेल? फेकलेले दिवस पुन्हा बघितले? नाही. शीर्षक बदललं. आधी शीर्षकात 'निरीक्षण' असा साधा शब्द होता, त्याच्या जागी 'शोध' आला. पहिलं नाव अजित सरांचं, दुसरं कस्तुरीचं. चहा संपेपर्यंत काम झालं.

उन्हाळ्यात उत्तर आलं. पेपर स्वीकारला होता, पण भाषणासाठी नाही, पोस्टर म्हणून. म्हणजे व्यासपीठ नाही, माइक नाही. मोठ्या कापडावर छापून फळ्यावर लावायचं आणि नेमून दिलेल्या वेळी लेखकांपैकी कुणीतरी शेजारी उभं राहायचं. कुणी उभं नसेल तर पेपर रद्द. सर नाराज झाले. "पोस्टर! जेवणाच्या टेबलांशेजारी लावतात ते," ते पुटपुटले.

सोबत परीक्षकांचा एक प्रश्नही आला होता. ढगाळ दिवशी काय होतं? एवढाच. सरांनी एका ओळीत उत्तर लिहायला सांगितलं, की खराब हवामानामुळे ते दिवस वगळले आहेत. पूर्ण पेपर त्या ओळीसकट गेला.

पण तो प्रश्न कस्तुरीच्या मनातून जाईना. मी ओळखतो तिला. ताटात केस दिसला की जेवण थांबवणाऱ्यांपैकी ती आहे. पोस्टरसाठी आलेख तयार करता करता तिनं फेकलेले दिवस परत उघडले आणि एका भरून आलेल्या संध्याकाळी माझा चालू आलेख दाखवणारा लॅपटॉप घेऊन ती थेट गच्चीवर आली. विमलाक्का गच्चीचं दार लावायला आल्या होत्या, त्या तिच्याजवळ थांबल्या.

"अक्का, ही खळबळ ढगांच्या कितीतरी वर होते," कस्तुरी म्हणाली. ती खरं तर स्वतःशीच बोलत होती. "खाली ढग आले काय, गेले काय, तिला काय ठाऊक? मग ढग आले की आमची टेकडी लवकर का येते?"

तेवढ्यात एक काळा ढग मावळतीवर सरकला आणि गच्ची अंधारली. सूर्यास्ताला अजून वेळ होता. माझ्या अंगावरची माळ लागली. लाल, हिरवी, पिवळी. लॅपटॉपवर टेकडी उभी राहिली.

कस्तुरीनं माळेकडे पाहिलं, मग टेकडीकडे, मग पुन्हा माळेकडे.

"अक्का, ती पिन काढा."

"अगं, पूजेची माळ ती! प्रिन्सिपल सर काढू नका म्हटलेत की."

"काढा, अक्का."

"सरी, बाई," म्हणजे बरं, म्हणत विमलाक्कांनी पिन काढली. टेकडी खाली बसली. पिन लावली, टेकडी उठली. पुन्हा काढली, पुन्हा बसली. मग कस्तुरी गच्चीच्या फरशीवर मटकन बसली आणि रडू लागली. विमलाक्कांना कळेना काय झालं. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "पूजेला मीच कुंकू लावलं गं त्याला, वाईट काय झालं त्यात?" त्या विचारत होत्या.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. अखेर कुणीतरी माझं ऐकलं होतं. पण तिचं रडणं बघून माझा राग दुप्पट झाला. चूक कुणाची आणि रडतंय कोण!

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सगळं दाखवलं. सर माळेवरून बोट फिरवत उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल, पोरी, चुकलं माझं. एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर तसं आलंही होतं. मग त्यांनी घड्याळात पाहिलं.

"फायनल पेपर गेलाय," ते म्हणाले. "आता विथड्रॉ केला तर डिपार्टमेंटची शोभा होते. तुझा पहिला पेपर आहे कस्तुरी, पीएच.डी. वर्षभर लांबेल. आणि पोस्टर वाचतं कोण? लोक चहाचा कप घेऊन पुढे जातात. जसं आहे तसं लाव, पुढच्या वर्षी करेक्शन टाकू."

"पण सर, ते खरं नाहीये."

"अजून अभ्यास चालू आहे म्हण. मला त्या वेळी दुसऱ्या हॉलमध्ये सेशन चेअर करायचंय. पोस्टरजवळ तू उभी राहा."

बघा मित्रांनो, खोटं कुणाचं आणि त्याच्याशेजारी उभं कुणाला केलं! कस्तुरीपुढे दोनच वाटा होत्या. पोस्टर लावून उभं राहिलं तर तिच्या पहिल्याच पेपरवर जन्मभर एक खोटं चिकटणार. नाही म्हटलं तर पेपर जाणार, वर्ष जाणार आणि सर दुरावणार. ती खाली गेली.

जाता जाता सरांनी विमलाक्कांना सांगितलं, "ती माळ उतरवून ठेवा." माळ तेवढी उतरवली. शीर्षक नाही उतरवलं. त्या दिवशी मी इतका तापलो होतो की पावसाचे थेंब माझ्यावर पडून वाफ झाले असते, तरी नवल वाटलं नसतं.

परिषद एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये होती. पोस्टरशेजारी उपकरण ठेवता येईल असं आयोजकांनी कळवलं होतं, म्हणून सरांनीच मला न्यायला सांगितलं. शोभा वाढते म्हणे. माझ्या नळ्या सोडवल्या, टेम्पोतून नेल्या आणि तिथे पुन्हा जोडल्या. विमलाक्का सोबत आल्या होत्या, वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्या मला हातानं धरत होत्या. फळ्यांच्या रांगाच रांगा होत्या आणि सर म्हणाले होते तसं पलीकडे जेवणाची टेबलं मांडली होती. वर आभाळ नव्हतं, छत होतं. ज्यानं वर्षानुवर्षं छप्पर पाहिलं नाही त्याला ते फार जवळ वाटतं.

कस्तुरीनं माझी केबल लॅपटॉपला जोडली आणि पोस्टर लावलं. जसं होतं तसंच, त्या मोठ्या 'शोध' शब्दासकट. माझा जीव तुटला. हीही वाकली, मी म्हटलं.

मग तिनं पिशवीतून माळ काढली.

तीच माळ. तिनं ती माझ्या दांड्याला गुंडाळायला घेतली. "सावकाश गं, पडेल तो," विमलाक्का म्हणाल्या आणि दुसरं टोक त्यांनी धरलं. पिन लावली, पण हॉलमध्ये लखलखाट होता म्हणून माळ विझलेलीच राहिली. येणारेजाणारे हसत होते. दिवाळी आहे का, असं कुणी इंग्रजीत विचारलंही.

दहीभाताची बशी हातात घेऊन एक वयस्कर बाई समोर थांबल्या. गळ्यातल्या कार्डावर डॉ. भाग्यलक्ष्मी असं नाव होतं. विमलाक्कांचं बोलणं ऐकून त्या मराठीतच म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडच्याच की! बरं, पोस्टर वाचलं मी. ढगाळ दिवशी काय होतं तेवढं सांग."

"दाखवते, मॅडम," कस्तुरी म्हणाली.

तिनं माळेचा तो इवलासा सेन्सर शोधला आणि त्याच्यावर आपला तळहात ठेवला. भर दुपारी, त्या लखलखाटात, तेवढ्या जागेत अंधार झाला. माळ लागली. लॅपटॉपवर टेकडी उभी राहिली.

"हे ढग," कस्तुरी म्हणाली. हात उचलला. माळ विझली, टेकडी बसली. "ढग गेले." पुन्हा हात ठेवला. "हा सूर्यास्त." मग तिनं पोस्टरकडे बोट केलं. "आणि हा आमचा शोध."

भाग्यलक्ष्मीबाईंची बशी हातातच राहिली. शेजारच्या पोस्टरवरची मुलं आली. मग त्यांचे शिक्षक आले. ज्याला त्याला तळहात ठेवून बघायचं होतं. पोस्टर कुणी वाचत नाही म्हणत होते ना? आमच्यापुढे गर्दी मावेना. कस्तुरी प्रत्येकाला तेच सांगत होती, की पेपर चुकला आहे, माळ पूजेची आहे, ती आमच्याच खांबावर होती आणि आम्ही पाहिली नाही. चूक सरांची असं ती एकदाही म्हणाली नाही. 'आम्ही' म्हणाली.

गर्दीचा आवाज ऐकून अजित सर आले. माळ पाहिली. टेकडी पाहिली. चेहरा उतरला, आणि मग ते हसले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"अँटेना फार जुना आहे हो आमचा," ते म्हणाले. "काहीतरी लूज कनेक्शन असणार."

मित्रांनो, नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण मी गच्चीवर पुष्कळदा ऐकली होती. आज ती माझ्याच वाट्याला आली. उन्हातान्हात मी ऐकलं, ऐकलेलं सगळं पाठवलं, त्यातलं नको ते यांनी फेकलं, माळ यांनी बांधली, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी! मला हात असते तर त्या दिवशी मी काय केलं असतं ते सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

"नाही, सर," कस्तुरी म्हणाली. आवाज लहान होता, पण शेवटच्या फळ्यापर्यंत पोचला. "अँटेनाला काही झालेलं नाही. त्यानं सगळं बरोबर सांगितलं. आपण त्याचे ढगाळ दिवस फेकून दिले."

मी इतकी वर्षं पुष्कळ ऐकलं, सूर्याची गर्जना ऐकली. त्या एका वाक्याइतकं बरं मला कशानंच वाटलं नाही.

भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या, "परीक्षक म्हणून तो प्रश्न मीच पाठवला होता. उत्तर एका ओळीत आलं, तेव्हाच मला शंका आली. दुर्दैवानं मी पुन्हा विचारलं नाही." मग कस्तुरीकडे वळल्या. "पेपर मागे घ्यावा लागेल, माहीत आहे ना?"

"हो, मॅडम."

"वाईट वाटतंय?"

"खूप," कस्तुरी म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

पेपर मागे घेतला. पीएच.डी. लांबली. चिकपेटला तिच्या घरी काय बोलणी बसली असतील ती मला माहीत नाहीत, पण कितीतरी दिवस ती डबा गच्चीवर येऊन एकटीच खायची. सर तिच्याशी कामापुरतं बोलायचे, तेही फोनकडे बघत. ते कापडी पोस्टर विमलाक्कांनी धुऊन घेतलं आणि आता प्रयोगशाळेतला कॉम्प्युटर झाकायला वापरतात. 'शोध' हा शब्द बरोबर वर येतो.

पुढची खंडेनवमी आली. विमलाक्कांनी मला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. प्राचार्यांनी माळेची आठवण काढली, तेव्हा त्या म्हणाल्या, "गेटला लावू या सर, इथे नको." कापूर लावून झाला, सगळे खाली गेले. कस्तुरी मागे राहिली आणि सरांपाशी गेली. पुढच्या परिषदेला पेपर पाठवायची तारीख जवळ आली होती. माळेनं आम्हाला कसं फसवलं आणि अशी चूक कशी ओळखायची, यावर तिनं नवा पेपर लिहिला होता.

"सर, पहिलं नाव तुमचंच ठेवते," ती म्हणाली. "आलेख वाचायला तुम्हीच शिकवलंत."

सरांनी पेपर हातात घेतला. उभ्यानंच वाचला, सगळा वाचला. वाचताना एकदा मानही डोलावली. मग परत दिला.

"चांगला झालाय," ते म्हणाले. "पण माझं नाव नको टाकूस."

आणि जिना उतरून गेले.

खोट्या पेपरवर ज्याचं नाव पहिलं होतं, त्याला खऱ्या पेपरवर नाव नको होतं! लोक म्हणतात, जाऊ दे, माणूस शरमला असेल. असेल. पण माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही. ती मुलगी बराच वेळ तिथेच उभी होती, हातात तो कागद धरून. तिनं सरांना शेवटपर्यंत सरच मानलं होतं.

मग ती माझ्या पायाशी बसली, जिथे तो अडॅप्टर होता तिथेच. लॅपटॉप उघडला आणि पेपर पाठवला. त्यातला पहिलाच आलेख माझ्या ढगाळ दिवसांचा आहे. शेवटी आभार मानले आहेत विमलाक्कांचे, पिन काढल्याबद्दल. विमलाक्कांनी तिला तीन वेळा वाचून दाखवायला लावलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत माझे भाऊबंद असतील. ताप मोजणारी नळी असेल, वजनकाटा असेल, जुना रेडिओ असेल. त्यांना पुसा, जपा, खंडेनवमीला हळदकुंकू लावा, माझी हरकत नाही. पण ते नावडतं सांगू लागले की त्यांना मोडकं म्हणू नका. हात जोडायच्या आधी एकदा नीट ऐकून घ्या, एवढंच मागणं आहे. नाहीतर ओले टॉवेल बरे.

आज दुपारपासून आभाळ भरून आलं आहे. खाली कस्तुरीनं यंत्र चालू ठेवलं आहे.